बापुजींच्या खुर्चीला मोरपंखी रंग

प्रबोधभाई मांकड गच्चीवरची जुनी खुर्ची डोक्यावर घेऊन जिना उतरले, तेव्हा सुलभाबेन स्वयंपाकघरात डाळ घोटत होत्या. नवरा निवृत्त झाल्यापासून घरातली कुठली वस्तू कधी कामाला लागेल याचा त्यांना भरवसा उरला नव्हता.

"आता हिचं काय?"

"हिला नवं रूप देणार."

"मिक्सरलाही दिलं होतंत. माळ्यावर पडलाय तो."

"मिक्सर विजेवर चालतो," प्रबोधभाई म्हणाले. अख्खी हयात वीज मंडळात घालवलेल्या माणसाने हे असं म्हणावं! "खुर्चीला कुठे चालायचंय?"

पण खुर्ची साधी नव्हती. ती बापुजींची, म्हणजे प्रबोधभाईंच्या वडिलांची होती. बापुजी गेले, तेरावं झालं, आणि वाटणीत भांड्यांवरून नाही, दागिन्यांवरून नाही, नेमकं या खुर्चीवरून भावाबहिणीचं वाजलं. मोठी बहीण मंगळागौरी म्हणाली, "बापुजींची खुर्ची मी नेणार." प्रबोधभाई म्हणाले, "ही खुर्ची मी या घरातून जाऊ देणार नाही." त्यावर मंगळागौरी सगळ्या नातेवाइकांसमोर बोलून बसल्या, "मग मीही ती मागायला येणार नाही. आणि या घरचं पाणीही घेणार नाही."

तेव्हापासून त्या राखीपौर्णिमेला यायच्या, उंबऱ्यात उभं राहून राखी बांधायच्या आणि आल्या पावली परत जायच्या. घर तीन गल्ल्या पलीकडे, पण अंतर भावनगर ते दिल्लीएवढं.

इकडे प्रबोधभाईंनी खुर्ची जिंकली खरी, पण नवा सोफा आला तेव्हा ती हॉलमधून ओसरीत गेली, ओसरीतून गच्चीवर गेली आणि शेवटी तिच्यावर कोरफडीची कुंडी बसली. भावाने ती देव्हाऱ्याशेजारी हार घालून ठेवली असेल, अशी तीन गल्ल्या पलीकडे समजूत होती.

आता पौलोमीचं लग्न ठरलं होतं. प्रबोधभाईंची ही एकुलती एक मुलगी. तिचं नाव फोईनेच, म्हणजे आत्या मंगळागौरीनेच, ठेवलेलं. तिने स्वच्छ सांगितलं होतं, "पप्पा, फोई आल्या नाहीत तर मी मांडवात बसणार नाही. तुम्ही बसा."

म्हणून प्रबोधभाईंनी ठरवलं होतं, खुर्ची नवी करायची, आपण होऊन बहिणीच्या दारात नेऊन ठेवायची आणि भांडण मिटवायचं. विचार सोन्यासारखा होता. घोळ झाला तो हातांचा.

त्यांना खरं तर नुसतं घासून पॉलिश करायचं होतं. पण घासता घासता लाकडावर कुठे काळे, कुठे पांढरे डाग उमटले आणि खुर्चीला कोड फुटल्यासारखं दिसू लागलं. ते झाकायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. लांबीवर पॉलिश चढेना, म्हणून रंग आणला. दुकानदाराने विटकरी म्हणून दिलेला डबा उघडला तर आत मोरपंखी निघाला. परत करायला जावं तर झाकण उघडलेलं. रंग लावला, तो जागोजागी ओघळला. ओघळ झाकायला पौलोमीने पिवळी फुलं काढली. फुलं वाकडी आली, म्हणून त्यांच्या मधोमध आरशाचे बारीक आभले चिकटवले. बैठकीची वेताची वीण फाटली होती, तिच्यावर फळी ठोकून वर लाल बांधणीचं कापड सरसाने डकवलं. आणि सगळ्यावर, कापडासकट, जाड वॉर्निशचा हात मारला.

"कापडावर कशाला?" सुलभाबेनांनी विचारलं.

"धूळ बसू नये म्हणून."

"धूळ नाही, आता माणूसही बसणार नाही. ही खुर्ची आहे की नवरात्रीतली चणियाचोळी?"

वॉर्निश वाळायला एक दिवस लागतो, असं डब्यावर लिहिलं होतं. पण डबा लिहिणाऱ्याने भावनगरची खाडीवरची हवा पाहिली नसावी. दुसऱ्या दिवशीही खुर्ची गुळाच्या ढेपेसारखी ओलीच होती. प्रबोधभाईंनी ती हॉलमध्ये पंख्याखाली ठेवली. सोफ्यावर रंगाचे डबे, ब्रश आणि वर्तमानपत्रं पसरलेली होती.

अशा वेळी फाटक वाजलं आणि मंगळागौरीबेन थेट आत आल्या. उंबऱ्यात न थांबता! त्यांच्या हातात लग्नाची पत्रिका होती.

"बटुक!" लहानपणीच्या नावाने त्यांनी भावाला हाक मारली. "निमंत्रकांत माझं नाव कुणाला विचारून घातलंस?"

"मोटाबेन, तुम्ही आधी..."

"आधी बस म्हणतोस ना? बसते!"

आणि त्या बसल्या. बाई अंगाने भरभक्कम, शिवाय रागात. ओल्या वॉर्निशमधून चुक् असा बारीक आवाज आला. पौलोमीने तोंडावर हात ठेवला. सुलभाबेनांनी देवाचं नाव घेतलं.

"पत्रिकेचं राहू दे," मंगळागौरीबेन म्हणाल्या. " बापुजींची खुर्ची कुठाय? देव्हाऱ्याशेजारी तर दिसत नाही."

"आहे ना."

"कुठे?"

"इथेच. हॉलमध्येच."

मंगळागौरीबेनांनी चारी बाजूंना पाहिलं. "मला का दिसत नाही?"

"तुम्ही... तुम्ही जरा तिच्या फार जवळ आहात."

"कोड्यात बोलू नकोस. विकलीस होय रे? आणि तिच्या जागी हे काय आणलंस? असल्या भडक खुर्च्या जत्रेतल्या पाळण्याला लावतात. मी घरभर शोधते, थांब!"

त्या उठल्या. खुर्चीही उठली. त्या वळल्या. खुर्चीही वळली आणि कोपऱ्यातली पितळी समई खाली पडली.

"मागून कोण धरतंय मला?"

"कुणी नाही, फोई," पौलोमी कशीबशी म्हणाली. "रंग ओला आहे."

मग ओढाओढ सुरू झाली. पौलोमीने खुर्ची धरली, प्रबोधभाईंनी बहिणीला. बहीण सुटली नाही, पण दोन आभले सुटले. गोडेतेल लावून पाहिलं. त्याने फक्त लादी निसरडी झाली आणि प्रबोधभाई घसरून बसले. कात्रीचं नाव निघताच मंगळागौरीबेन कडाडल्या, "साडीला कात्री लावाल तर याद राखा!"

"मोटाबेन," सुलभाबेन हळूच म्हणाल्या, "आतल्या खोलीत चला. ही साडी सोडा, माझी एक नेसा. झालं."

"या घरचं पाणी घेत नाही मी, साडी घेईन?"

मंगळागौरीबेन बसून राहिल्या. दुपार झाली. त्यांना साखरेचा आजार. वेळेवर जेवण नाही मिळालं तर घेरी यायची. आतून डाळढोकळीच्या फोडणीचा वास आला. पहिल्यांदा त्यांनी मान फिरवली. मग विचारलं, "कोकम घातलंय का लिंबू?"

"कोकम."

"आण वाटीभर. जेवण म्हणून नाही, औषध म्हणून."

तीन वाट्या औषध पोटात गेलं. वर छाशचा, म्हणजे ताकाचा, पेला. छाश म्हणजे काही पाणी नव्हे, असं त्यांनी स्वतःच सगळ्यांना समजावलं. मग जरा निवांत होऊन त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकले. उजव्या हाताची बोटं सवयीने खालच्या बाजूला गेली आणि तिथेच थांबली.



"बटुक, इथे खाली दात उमटलेत."

प्रबोधभाईंनी मान खाली घातली.

"माझे आहेत ते. गोवर आला होता मला, तेव्हाचे. बापुजी देवीचा धागा बांधत होते आणि मी हे लाकूड चावत होते." त्यांनी पुन्हा त्या खुणांवरून बोट फिरवलं. "हीच ना रे ती?"

"हीच, मोटाबेन. गच्चीवर होती. वर कोरफडीची कुंडी." प्रबोधभाईंना लपवणं जमेना. "भांडून घेतली आणि सांभाळता आली नाही. तुम्हाला द्यायची म्हणून नवी करायला गेलो, तर हे असं झालं."

सुलभाबेनांना वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण मंगळागौरीबेनांचे खांदे हलू लागले. त्या रडतायत असं समजून पौलोमी पाणी घेऊन धावली, तर फोई हसत होत्या. हसता हसता त्यांनी तिच्या हातातलं पाणी घेतलं आणि गटागटा पिऊन टाकलं.

"अरे, बापुजींना ही खुर्ची कधी आवडलीच नव्हती! कंबर धरते म्हणायचे. सासऱ्यांनी दिलेली म्हणून बिचारे जन्मभर बसले. आणि आपण दोघं..." 

सगळेच हसले. प्रबोधभाईंनी डोळे पुसले, तेव्हा गालावर मोरपंखी पट्टा उमटला.

"मग आता माझी साडी नेसा, मोटाबेन," सुलभाबेन म्हणाल्या. "आता तर पाणीही झालं."

"छे! आता मुळीच नाही. साडी सोडली तर खुर्ची इथेच राहील. बटुक म्हणाला होता, मी खुर्ची जाऊ देणार नाही. मी म्हणाले होते, मागायला येणार नाही. आता तो देत नाहीये आणि मी मागत नाहीये. तिची तीच निघालीय, तिला कोण अडवणार? छकडो बोलाव."

तीनचाकी छकडो दारात आला. छकडोवाल्याने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे, आणि काही न विचारता मागची फळी पाडली. चौघांनी मिळून मंगळागौरीबेनांना खुर्चीसकट वर चढवलं. दोन्ही बाजूंनी मायलेकी उभ्या राहिल्या, पायाशी प्रबोधभाई खुर्चीचे पाय धरून बसले. छकडो धडधडत निघाला. उन्हात आभले असे चमकले की शाकमार्केटच्या नाक्यावर दोन भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या आणि एका म्हातारबाबांनी टोपी काढून हात जोडले. मंगळागौरीबेनांनी क्षणभर विचार केला आणि मोरपंखी झालेला तळहात उंच करून सगळ्यांना आशीर्वाद दिला.

"फोई, लग्नाला याल ना?" पौलोमीने आवाज चढवून विचारलं.

"निमंत्रकच मी, येणार नाही तर काय? पोरींनो, मला नीट धरा." मग त्या भावाकडे वाकल्या, म्हणजे खुर्चीसकट वाकल्या. "बटुक, रंग उरलाय का रे?"

"अर्धा डबा आहे. का?"

"माझा झोपाळा फार उघडाबोडका दिसतो. रविवारी ये. जेवायलाच ये."

प्रबोधभाईंची छाती फुगली. पलीकडे उभ्या सुलभाबेनांनी एका हाताने छकडोची दांडी धरली आणि दुसरा हात स्वतःच्या कपाळावर मारला.