रापणीवरचा निकाल

गुरुदास न्यायपंच झाला आणि वाडीतली भांडणंच बंद पडली. नव्या न्यायपंचायतीवर निवड झाल्यावर तो मालवणला जाऊन कायद्याचं शिक्षण घेऊन आला होता, येताना नवी काळी टोपी आणली होती आणि ओसरीवर खुर्ची मांडून बसला होता. पण खुर्चीसमोर उभं राहायला कोणी येईना. न्याय हा शब्द वाडीत तोवर देवळातल्या गाऱ्हाण्यात तेवढा ऐकू यायचा, आणि तो करायचं काम देवाकडेच असे.

"लोकांका न्याय म्हणजे काय ताच म्हायत नाय," तो कुरकुरला.

"म्हायत आसा, म्हणान तर येणत नाय," त्याची बायको यशोदा म्हणाली. "त्यापरास किनाऱ्यार जावा. रापण येता हा. दोराक हात लावा आणि कढीपुरते बांगडे घेवन येवा."

रापणीची रीतच तशी होती. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि सगळ्यांनी मिळून ते ओढायचे. कमरेला फास बांधून तो दोरात अडकवायचा आणि गाणी म्हणत उलट्या पावलांनी वाळू चढायची. दोरावर ज्याची पिढीजात जागा त्याला पुरा वाटा मिळे, आणि वाटेनं जाणाऱ्यानं नुसता हात लावला तरी त्याला कालवणापुरती मासळी मिळे. गुरुदास नेहमी जाळं किनाऱ्याला टेकता टेकता पोचायचा आणि हात लावायचा.

त्या सकाळी तो पोचला तेव्हा बांगड्यांचा ढीग वाळूवर पडला होता, पण वाटप थांबलं होतं. सगळे गोल करून उभे होते आणि मधे म्हातारा कुस्तोदियो उताणा पडला होता. ओढता ओढता त्याची कंबर धरली होती. त्याची बायको इनासिया शेजारी बसून त्याच्या तोंडावरच्या माश्या वारत होती.

"तेका वाटो कशाक?" काशीराम विचारत होता. "अर्धी रापण येयसर हो आडवो झालो. आता तेच्या हातून दोर ओढणा जमाचा नाय. तेच्या जाग्यार माझ्या भावाक घेवा."

काशीरामाचा भाऊ मुंबईची गिरणी सोडून घरी आला होता. ढिगात बांगडे चिक्कार होते, तेव्हा प्रश्न मासळीचा नव्हता. ज्याचा वाटा एकदा तुटला त्याची दोरावरची जागा गेली. उद्यापासून कुस्तोदियो बघ्यांत उभा राहून हात लावणार आणि कालवणापुरते बांगडे नेणार. हे त्याला कळत होतं, म्हणून तो कोणाकडेच बघत नव्हता. रापणीवर हुकूम चालवणारा तांडेल विठोबा, एरवी बोलून मोकळा होणारा माणूस, तोही खाली बघत होता.

गुरुदासानं टोपी सारखी केली. "थांबा. याचा न्याय झाला पाहिजे," तो पुस्तकी मराठीत म्हणाला. न्याय करायचा म्हटलं की त्याची मालवणी आपोआप बंद व्हायची.

"पंचांनू, न्याय आयकाक बांगडे थांबाचे नाय," मासळी विकणारी हौसाबाई पाटी घेऊन ताटकळत होती. "माझी कसालची गाडी सुटतली."

"नियम एकच," गुरुदास म्हणाला. "ज्यानं दोर धरला त्याला वाटा. ज्याचा दोर मधेच सुटला, त्याचा वाटाही सुटला. मान्य?"

सगळ्यांनी माना हलवल्या. काशीरामानं जरा जास्तच हलवली. इनासियानं पदर तोंडाला लावला.

इथंच थांबला असता तर गुरुदास चांगला पंच ठरला असता. पण नियम सर्वांना सारखा हवा, असं त्याला मालवणला शिकवलं होतं. "आता एकेकानं सांगा. काशीराम, तुझा दोर सुटला होता?"

"माझो? छे."

"विडी पेटवक गेललंस तो कोण?" दोरावर त्याच्या शेजारी असणारा बाळा म्हणाला.

"एक विडी रे."

"सुटला तो सुटला," गुरुदासानं निकाल दिला. काशीराम भडकला आणि बाळा झाडाआड जाऊन आला होता हे त्यानं सांगून टाकलं. बाळानं कुत्र्यामागे धावलेल्याचं नाव घेतलं, त्यानं चहा प्यायला गेलेल्याचं. एकेकाचा वाटा असा गळत गेला. शेवटी कोणीतरी म्हणालं, "आणि तांडेल? तो पाण्यात उबो रवान नुसते हात हलयता. दोराक खंय हात लायता?"

विठोबानं इतक्या वर्षांत हा विचार कधी केला नव्हता. त्याचं तोंड एवढंसं झालं. गुरुदासालाही वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम. त्याच नियमानं त्याचे स्वतःचे कढीपुरते बांगडेही गेले होते, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला यशोदा दिसू लागली.

"कुस्तोदियो," त्यानं शेवटी विचारलं, "तुमचा दोर कधी सुटला?"

"सुटाक नाय," कुस्तोदियो आभाळाकडे बघत म्हणाला. "पडलंय तेव्हा फास कमरेक होतो. सोडूक वाकाक येयना. तुमी ओढीत रवलास, मी घसटत वर इलंय. बोंब मारलंय, पण तुमी गाण्यात होतास."

सगळ्यांनी वळून पाहिलं. वाळूवर होडी ओढत आणावी तसा रुंद माग पाण्यापासून वरपर्यंत उमटला होता. फास अजून कुस्तोदियोच्या कमरेला होता आणि दोरात गुंतलेलाही होता.

"म्हणजे सगळे बांगडे याचे," गुरुदास हळूच म्हणाला. आपण काय बोललो ते कळायला त्यालाही वेळ लागला.

"सगळे?" इनासिया घाबरली. "मी ते ठेवतलंय खंय?"

कुस्तोदियोनं मान वळवली आणि पहिल्यांदाच सगळ्यांकडे पाहिलं. "विठोबा, वाट रे रोजच्यासारखे. हौसाबाईची गाडी जायत."

"पण निकाल असा आहे की..."

"निकाल तुझो, बांगडे माझे," कुस्तोदियो म्हणाला. "वाट रे."

विठोबानं वाटे घातले. तांडेलाचा वाटा त्यानं घाबरतच घातला. गुरुदासाच्या पुढ्यातही कालवणापुरते बांगडे पडले. ढीग संपला, आणि मग विठोबाच्या लक्षात आलं की कुस्तोदियोचाच वाटा घालायचा राहिला. तो कपाळाला हात लावून बसला.

काशीराम उठला. आपल्या वाट्यातले ओंजळभर बांगडे त्यानं कुस्तोदियोशेजारी नेऊन टाकले आणि खाली मान घालून म्हणाला, "उद्या तुझो फास मी कमरेक बांधतलंय. तू बसान दोर गुंडाळ, जागो तुझोच." मग बाळा उठला, मग बाकीचे. हौसाबाईनंही पाटीतले काढून टाकले. बघता बघता कुस्तोदियोचा वाटा सगळ्यांत मोठा झाला.

"हे काही न्यायाला धरून नाही," गुरुदासाच्या तोंडून निघून गेलं. विठोबानं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. गुरुदासानं टोपी काढून खिशात कोंबली, आपले बांगडे उचलले आणि तेही त्या ढिगावर ठेवले. घरी काय सांगायचं ते वाटेत बघू, असं त्यानं ठरवलं.

ढीग आता कुस्तोदियोच्या खांद्यापर्यंत आला होता. त्यानं तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिला. डोळे भरून आले होते, पण उताण्या माणसाला ते पुसता येत नव्हते.

"बरां झाला," तो म्हणाला. "पण आधी माका उचला रे. नायतर बांगडे घराक पोचतले आणि मी हंयच रवतलंय."