खिडकी उघडली आहे

संध्याकाळी सहाला आमच्या इंगळेबाबूंच्या पानावर एक ओळ उमटते : ‘खिडकी उघडली आहे.’ आठाला दुसरी : ‘खिडकी बंद. राहिलेल्यांनी उद्या यावे.’ सोशल मीडियावर दिवसरात्र राबता असतो, तिथे कुणी वेळ पाहून कुलूप लावत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, “मंग लोक जेवते कवा, बाप्पा?”

इंगळेबाबू कादंबरीकार. अमरावतीत आमच्या घराला भिंत लावून राहतात. उभी नोकरी त्यांनी बडनेरा स्टेशनच्या चौकशी खिडकीत काढली आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. अलीकडे नवी कादंबरी घेऊन गेले, तर प्रकाशक म्हणाला, आधी सोशल मीडियावर वाचक जमवा, मग बघू. बाबू तडक माझ्याकडे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे आणि फोन बरा हाताळतो, एवढ्या भांडवलावर त्यांचा गुरू झालो. रोज कादंबरीचा एक तुकडा पानावर टाकायचा, खाली लोक लिहितील त्यांना उत्तरं द्यायची, असं ठरलं.

दुसऱ्याच दिवशी भिंतीपलीकडून हाक आली, “बंडूभाऊ, हे शिकलेसवरलेले लोक आंगठे काहून लावून राहिले? याच्यात त मराठीचे प्राध्यापक हायेत!” अंगठा म्हणजे आवडलं, असं मी समजावलं. तेव्हापासून ते एकेकाला नावानिशी लिहितात, ‘अंगठा पोचला. आभारी आहे.’

पण खरी कमाल रांगेची. जो आधी आला त्याला आधी उत्तर, हा खिडकीचा कायदा त्यांनी इथेही लावला. एकदा एका बड्या समीक्षकाने त्यांच्या तुकड्याखाली चार कौतुकाच्या ओळी लिहिल्या. मी हातातला घास टाकून धावलो, “बाबू, आधी या समीक्षकायले उत्तर द्या!” बाबूंनी शांतपणे लिहिलं, ‘आपल्या आधी तिघे उभे आहेत. कृपया थांबावे.’ त्या तिघांत एक शेंगदाणा तेलाची जाहिरात करणारा होता. त्याला उत्तर गेलं, ‘तेल सध्या घरात आहे. संपल्यावर कळवतो.’ मी कपाळावर हात मारला. पण खरं सांगतो, मनातून थक्क झालो होतो. लेखक मी पुष्कळ पाहिले. बड्या माणसाला तेलवाल्याच्या मागे उभा करणारा हा पहिलाच.

रांगेतला पहिला नंबर मात्र ठरलेला. बार्शीटाकळीचे कुणी वासुदेवराव. तुकडा पडायचा अवकाश, त्यांचा प्रश्न हजर : ‘मंग पुढं काय झालं?’ रोज एवढंच. बाबूंचं उत्तरही रोज एकच : ‘उद्या सांगतो.’ दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

एका सोमवारी तो प्रश्न आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी बाबूंनी कुणालाच उत्तर दिलं नाही. पहिलाच नंबर आला नाही, तर दुसऱ्याला कसं घेणार? सगळी रांग खोळंबली.

मी म्हटलं, “बाबू, लोक कटाळते, सोडून जाते. इथं असंच चालते.”

“रोजचा मानूस खिडकीवर नाई आला, त त्याले पाहाले नाई जा लागत?”

“कोनीच जात नाई.”

“म्हनूनच जाऊ.”

दुसऱ्या सकाळी आम्ही बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला आणि तिथून एसटीने बार्शीटाकळीला. बाबूंच्या पिशवीत डझनभर संत्री. घर विचारत विचारत पोचलो. एका किरकोळ म्हाताऱ्याने दार उघडलं आणि डोळे बारीक करून आमच्याकडे पाहिलं. “चष्मा आनला का?” त्यांच्या चष्म्यावर म्हशीने पाय दिला होता, आणि अकोल्याच्या दुकानातून नवा यायचा होता. आम्ही त्या दुकानाचीच माणसं, असं त्यांना वाटलं.

“शेजारचे वाचून दाखवते,” वासुदेवराव कुरकुरले, “पन मधातले शब्द गाळते. माही कादंबरी पुलावरच अटकली. बाई पुलावर उभी हाय, तठलोक वाचलं होतं.”

बाबूंनी आपलं नाव सांगितलं नाही. पाण्याचा गिलास बाजूला ठेवला, फोन काढला आणि बाई पुलावर उभी होती तिथून वाचायला लागले. एकही शब्द गाळला नाही. वासुदेवराव डोळे मिटून ऐकत होते. तुकडे संपले तसे ते सवयीने म्हणाले, “मंग पुढं काय झालं?”

बाबू म्हणाले, “उद्या सांगतो.”

वासुदेवरावांनी डोळे उघडले. चाचपडत बाबूंचे दोन्ही हात धरले. “इंगळेबाबू? तुमी? माह्या घरी?” मला तिथे बसवेना. मी उगाच अंगणात जाऊन संत्री सोलली.

परतीच्या गाडीत मी विचारलं, “एवढा आटापिटा काहून केला, बाबू?”

ते बाहेर पाहत म्हणाले, “माही बायको, कमल, गेली, तवा मी लिवनं सोडलं होतं. कईक वर्सं. वाटे, कोनीतरी येईन, इचारीन, इंगळे, काहून लिवून नाई राहिला? एक मानूस नाई आला.” मी त्यांचा शेजारी. तेव्हाही भिंतीपलीकडेच होतो.

यंदाच्या थंडीत एका संध्याकाळी ‘खिडकी उघडली आहे’ उमटलंच नाही. या वेळी मात्र मी लगेच गेलो. बाबू तापाने फणफणले होते. डॉक्टर झाले, औषध झालं. दुसरी संध्याकाळही तशीच गेली. तिसऱ्या सकाळी मी त्यांच्या खाटेजवळ खुर्ची टाकून बसलो होतो, तर दार वाजलं. दारात वासुदेवराव. डोळ्यांवर नवा चष्मा, हातात पिशवी.

“दोन दिस झाले, खिडकी उघडली नाई,” ते म्हणाले. “म्हटलं, पाहून येतो.”

बाबू उठून बसले. मला म्हणाले, “बंडूभाऊ, खुर्ची दे त्याले. त्याचा नंबर पयला हाय.”

मी उठलो. वासुदेवरावांनी बसून बाबूंच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग पिशवी पायाशी ठेवून विचारलं, “मंग पुढं काय झालं?”

बाबूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते.

“सांगतो,” ते म्हणाले. “आजच सांगतो.”