केरकर भावजींचा चेहरा

"वहिनी, समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या हलतायत का?"

"नाही."

"कन्फर्म?"

"कन्फर्म."

"खलास." एवढं बोलून केरकर भावजी आपल्या फ्लॅटमध्ये परत.

शारजाला अल मजाजमध्ये आमच्या समोरच्या दारात राहणारा हा एकटा माणूस अधूनमधून असा खिडक्यांची खबर घ्यायला यायचा. गोष्ट नव्वदच्या दशकातली. आता मी नुसती आजी आहे. तेव्हा फुकटची डॉक्टर होते. "पित्त!" मी निदान केलं आणि मोरावळ्याची बरणी दिली. बिचाऱ्यांनी ती इमानेइतबारे संपवली. खिडक्या हलायच्या थांबल्या नाहीत. मग मी त्यांना चष्म्याच्या दुकानात पिटाळलं.

त्यांची नोकरी टाइल्सच्या शोरूममध्ये. पण नक्षीची टाइल त्यांना बघवत नसे, तिच्यावरची फुलं सरपटतात म्हणे. गिऱ्हाइकाला दंडाला धरून पांढऱ्या टाइलपाशी नेत. "हबीबी, प्लेन घे. प्लेन टाइल आपल्या जागेवर राहते." मॅनेजरला वाटे, काय साधी अभिरुची!

दुसरी खोड जास्त खुपायची. खाडीवर सूर्यास्त दाखवला, तर म्हणत, "सुंदर असणार." गणपतीत जेवायला बोलावलं, पुरणपोळी कशी झालीय विचारलं. "चांगली असणार."

"असणार म्हणजे? तोंडात आहे ना तुमच्या?" मी भडकलेच.

त्यांनी घास गिळला. आमचे हे पाणी आणायला आत गेले होते, तेवढ्यात भावजी म्हणाले, "वहिनी, गोव्यात विदेशी लोकांच्या नादानं वर्षानुवर्षं जिभेवर कागद ठेवले. एलएसडीचे. तेव्हा भिंतीसुद्धा गायच्या. मग बायको गेली. पोर बहिणीकडे ठेवली, सगळं सोडलं आणि इकडे आलो. गाणं गेलं, हलणं तेवढं राहिलं. आणि आनंद कसा असतो ते आठवतं, होत मात्र नाही."

"अहो, मग डॉक्टरला दाखवा!"

"काय सांगून? इथं त्याचं नाव काढलं तर आधी जेल, मग औषध."

मी आपलं सांगितलं, "मन रमवा." म्हणजे तुटक्या पायाला "पळून ये" म्हणण्यातलाच प्रकार.

मग दहावीची परीक्षा देऊन त्यांची तन्वी यायची ठरली. महिनाभराचा व्हिसा. करमलं तर इथंच शिकेन, नाहीतर आत्याकडे परत, असं तिनं फोनवर बजावलं होतं. भावजी आमच्या पॅसेजमधल्या आरशासमोर येऊन उभे राहिले.

"वहिनी, हसायला शिकवा. माझा मेलेला चेहरा बघितला तर पोर थांबायची नाही."

मी लगेच मास्तरीण. "दात दाखवा."

"किती?"

"वरचे. आणि डोळे बारीक!"

दाढ काढून घ्यायला आल्यासारखे दिसत होते. मी इतकी हसले की तेही थोडे हसतील असं वाटलं. ते नुसते आरशात बघत राहिले.

विमान संध्याकाळचं. भावजी सकाळीच टॅक्सीनं गेले होते. आम्ही गाडी घेऊन वेळेवर पोचलो. तन्वी ट्रॉली ढकलत बाहेर आली. भावजींनी ओठ उचलले, ते थरथरले आणि खाली आले.

"बाबा," पोर जागीच थांबली, "यू डोन्ट लुक हॅपी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी डॉक्टरकी, मास्तरकी सगळी तिथंच खलास.

"चेहरा बिघडलाय गो माझा," ते म्हणाले. "दुरुस्त होईल की नाही, ठाऊक नाही. त्याच्याकडे नको बघू. पाय बघ. सकाळपासून इथंच उभा आहे. बसलो, आणि तू दुसऱ्या दारानं निघून गेलीस तर?"

तन्वीनं खाली बघितलं. चपलेचे पट्टे सुजलेल्या पायांत रुतले होते. तिनं ट्रॉलीवरची बॅग उतरवली, आडवी केली.

"बसा."

ते बसले. चेहरा तसाच, कोरा. ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

मी पदर डोळ्यांना लावला. आमच्यात कुणीतरी रडायला हवं होतं, आणि ते काम मला न शिकता येत होतं.