बिनकंसाचा जावई

वासुदेवरावांच्या सुदामा नगरच्या घरी आठवं स्थळ पोह्यांसमोर बसलं होतं आणि शोभनाबाईंनी तो कागद काढलाच! रिटायर झाल्या तरी गणिताच्याच बाई त्या. कागदावर ठळक -४² लिहिलेलं. आधीच्या सात मुलांना याच कागदाने पळवलं होतं. सातवा तर म्हणे पार दूरचं देपालपुर गाव येईपर्यंत मागे वळून बघायलासुद्धा थांबला नाही.

वासुदेवरावांनी कपाळाला हात लावला. या खेपेचा मुलगा, प्रणव, कस्तुरीला मनापासून आवडला होता. "बाबा, आज आईला आवरा हं," असं पोरीने सकाळपासून तीनदा बजावलं होतं.

"सोळा," प्रणव झटक्यात म्हणाला.

"उणे सोळा! कंस दिसतोय का कुठे? कंस नाही, तर आधी चारचा वर्ग, मग उणे."

"लेकिन काकू, कम्प्युटर तर सोळाच म्हणतो." प्रणवने लॅपटॉप उघडून स्प्रेडशीटमध्ये करून दाखवलं. खरंच सोळा. त्याच्या आईने, सुरुचीबाईंनी, खुशीत तेच फोनच्या कॅल्क्युलेटरवर केलं. उणे सोळा.

"आई, तू कोणाकडून आहेस?"

"अरे यार, मी तर तुझी मदत करत होते! भाभी, आम्ही रिश्त्याचं बोलायला आलोय की पेपर द्यायला?"

"जो नसलेला कंस धरतो ना, तो उद्या नसलेल्या गोष्टी धरून माझ्या पोरीशी भांडेल," शोभनाबाई म्हणाल्या. "बिलकुल नको."

आत कस्तुरीने कप आपटला. सुरुचीबाईंनी पर्स उचलली.

"मग मलाही हाकल!" वासुदेवराव ओरडले. "तुला बघायला आलो, तेव्हा तुझ्या बाबांनी हेच विचारलं होतं. तू आत चहा करत होतीस. मी सोळाच म्हणालो."

"हट! बाबांनी लगेच चूक पकडली असती."

"पकडली ना! म्हणाले, पोरगं चुकलंय, पण उत्तरावर ठाम आहे. बाकीचं आमची शोभना शिकवेल."

शोभनाबाईंचा चेहराच बदलला. "बाबा असं म्हणाले?" त्यांनी पदराने डोळे टिपले आणि प्रणवच्या पोह्यांवर मूठभर शेव टाकली. "बसा हो सुरुचीताई. शिकवीन मी याला. कस्तुरी, जिलबी आण!"

वासुदेवरावांनी खुर्चीला पाठ टेकून डोळे मिटले. सासरेबुवांनी त्या दिवशी त्यांना एकच प्रश्न विचारला होता: "पंखा दुरुस्त करता येतो का?"

त्याचंही उत्तर त्यांनी खोटंच दिलं होतं.