त्रेचाळीस नंबरची खुर्ची

गणिताच्या बाईंच्या घरी माणसं चार आणि खुर्च्या तीन, असं गेली तीन वर्षं चाललं होतं. चौथी खुर्ची नोकरीला लागली होती. बाईंबरोबर एकदा शाळेत गेली ती गेलीच. रविवारीही तिला सुट्टी नव्हती.

झालं होतं असं, की बाईंच्या वर्गातल्या सरकारी खुर्चीचा एक पाय निखळला. बाईंनी नव्या खुर्चीसाठी अर्ज केला. वरून उत्तर आलं, जुनी खुर्ची रजिस्टरमध्ये चालू आहे, तिचं निर्लेखन झाल्याशिवाय नवी मिळणार नाही. निर्लेखन म्हणजे ही वस्तू मेली असा सरकारी दाखला. बाईंनी दाखल्यासाठी अर्ज केला. तो वर गेला आणि वरच राहिला. मग तीन पायांची खुर्ची कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली, निखळलेला पाय तिच्याच मांडीवर ठेवला आणि बाईंनी घरची खुर्ची आणली. बाईंच्या सासऱ्यांनी सुताराला घरी बसवून चार खुर्च्या करून घेतल्या होत्या. वेताची बैठक, पाठीवर कोरलेलं पान. सासूबाईंनी ती देताना बजावलं होतं, "आठ दिवसांत परत आण." बिचाऱ्यांना काय माहीत सरकारी आठवडा केवढा असतो.

एकट्या खुर्चीचं कशाला बोला. शाळेला वर्षाकाठी सादिल यायचं, म्हणजे खडू-झाडूचे पैसे. त्यात वर्षातले पहिले पंधरा दिवस निघायचे. पुढचं सगळं मास्तरांच्या खिशातून. स्टाफरूमची ट्यूब विज्ञानाच्या बाईंनी लावलेली, घड्याळ आणि तासाची घंटा चित्रकलेच्या सरांची. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतःच्या पैशाने आणलेल्या खुर्चीत बसून "निधी मिळावा" अशी पत्रं लिहायच्या, आणि तो कागदही त्यांचाच. पगार आधीच उशिरा यायचा, आणि आला की अर्धा खडू होऊन फळ्यावरून उडायचा.

गणिताच्या बाई मात्र प्रत्येक बिल बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायच्या. औषधाच्या दुकानात काम करणारा त्यांचा नवरा हसायचा.

"कुणाला दाखवणार आहेस ही?"

"वेळ आली की दाखवीन."

"आणि नाही आली तर?"

"तर तुमच्या गळ्यात हार करून घालीन. जेवा आता."

नवरा पालथ्या बादलीवर बसून जेवायचा. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार आली ती सासूबाईंकडून. त्यांच्या दोन बहिणी रविवारी राहायला येणार होत्या, तिघींचेही गुडघे सारखेच, आणि घरातली लेक अभ्यासाला एक खुर्ची अडवून बसलेली.

"सूनबाई, माझी खुर्ची मला पाहिजे. तीन वर्षांत एवढीशी पोरं मोठी झाली, तुझ्या सरकारला एक खुर्ची होईना?"

यात खोटं काहीच नव्हतं. शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंनी खुर्ची उचलली आणि फाटकाशी आल्या. शिपाईमामा आडवे झाले.

"बाई, रागावू नका. पण ही बाहेर नेता येणार नाही."

"मामा, माझी खुर्ची आहे. तुम्हीच तेव्हा रिक्षातून उतरवून घेतली होती."

"मी घेतली होती. पण आता तिच्यावर नंबर आहे."

बाईंनी खुर्ची फिरवून पाहिली. पाठीवरच्या कोरीव पानावर पांढऱ्या रंगात ४३ लिहिलेलं होतं. सासऱ्यांचं पान त्याखाली पार झाकून गेलं होतं. त्या तशाच खुर्ची घेऊन ऑफिसात गेल्या.

ऑफिसात भाऊसाहेब होते, शाळेचे कारकून. पाठीमागे त्यांना सगळे शिक्कामोर्तब म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण नंबर नसलेली वस्तू दिसली की त्यांना अन्न गोड लागत नसे. त्या वर्षी मोजणीत फर्निचरची पाळी होती.

"भाऊसाहेब, हे काय केलंत?"

"मोजणी केली. शाळेच्या आवारात विनानंबरी सापडली, नंबर दिला. आता डेडस्टॉक रजिस्टरला चढली."

"अहो, ती माझ्या घरची आहे. तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ठाऊक असून काय उपयोग? रजिस्टरला ठाऊक पाहिजे. बिल दाखवा. मोठ्या बाईंनी त्यांच्या खुर्चीचं दाखवलं, मी त्यांची सोडली. बिल असेल त्याची वस्तू. नियम सगळ्यांना सारखा."

आता आली का पंचाईत. डब्यात डस्टरपासून टाचणीपर्यंत सगळ्यांची बिलं होती, पण घरी बसून खुर्च्या करणाऱ्या सुताराने काय बिल दिलं असणार.

"बिल नाही," बाई म्हणाल्या. "पण हिच्या तीन सख्ख्या बहिणी माझ्या घरी आहेत. अगदी हिच्यासारख्या."

भाऊसाहेबांनी विचार केला. "आणा. जुळवून बघू."

रविवारी पाहुण्या आल्या आणि कशाबशा गेल्या. सोमवारी बाईंनी तीनही खुर्च्या टेंपोत घालून शाळेत आणल्या. भाऊसाहेबांनी चष्मा पुसून चारही शेजारी मांडल्या, वेत मोजला, पायांची उंची मोजली, पानावरच्या शिरासुद्धा मोजल्या.

"जुळतात," ते म्हणाले. "चारही एकाच संचातल्या आहेत."

"मी तेच सांगतेय शुक्रवारपासून."

"शनिवारपासून. आणि या संचातली एक खुर्ची शासकीय आहे. रजिस्टरला तशी नोंद आहे. मग उरलेल्या तीन कोणाच्या झाल्या?"

बाईंनी आयुष्यभर पोरांना शिकवलं होतं, की पहिली ओळ चुकली तर खालचं गणित कितीही नीट सोडवा, उत्तर चुकतंच. ते डोळ्यांदेखत घडताना बघायची वेळ पहिल्यांदा आली. त्या काही बोलेपर्यंत भाऊसाहेबांनी ब्रश बुडवला होता. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ. पण रजिस्टरची नक्कल वर गेली. जे ऑफिस तीन वर्षांत एका खुर्चीचं मरण लिहू शकलं नव्हतं, त्याने आठ दिवसांत दोन पत्रं धाडली. पहिलं मोठ्या बाईंना, की आपल्या शाळेत खुर्च्या गरजेपेक्षा जास्त आढळल्याने फर्निचरची मागणी कायमची रद्द करण्यात येत आहे. दुसरं गणिताच्या बाईंना. शासकीय मालमत्तेतील तीन खुर्च्या आपल्या राहत्या घरी इतकी वर्षे कशा वापरात होत्या, याची कारणे दाखवा. अन्यथा वेतनवाढ रोखण्यात येईल. साहेब स्वतः येऊन सुनावणी घेतील.

बाईंनी ते पत्र घरी मोठ्याने वाचलं. नवरा बादलीवर होता, लेक दुसऱ्या बादलीवर, आणि सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या.

"म्हणजे मी चोरीच्या खुर्चीवर बसत होते?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"मनाला कशाला लावू? माझे गुडघे दुखतायत. खुर्ची शाळेत आहे ना? मग मी शाळेत येते."

आणि खरंच आल्या. दुसऱ्या दिवसापासून रोज अकराला त्या गणिताच्या वर्गात येऊन त्रेचाळीस नंबरवर बसू लागल्या. भाऊसाहेब एकदा दारात येऊन म्हणाले, "आजी, बाहेरच्या माणसांना इथे बसता येत नाही." सासूबाई म्हणाल्या, "बाहेरची मी नाही. या खुर्चीबरोबर आलेय. घाला मलाही नंबर." भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे क्षणभर विचार केल्यासारखं पाहिलं आणि निघून गेले. पाच दिवसांत सासूबाईंना अपूर्णांक यायला लागले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी बाईंनी बिस्किटांचा डबा स्टाफरूमच्या टेबलावर उपडा केला.

"बिल असेल त्याची वस्तू. भाऊसाहेबांचा नियम आहे, माझा नाही. उद्या साहेबांना आपली शाळा दाखवू. सरकारने दिली तेवढीच."

विज्ञानाच्या बाईंनी ट्यूबचं बिल पर्समधून काढलं. चित्रकलेच्या सरांकडे घड्याळाचं होतं, घंटेचंही होतं. सगळ्यांनी हळूच मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती आणि वरच्या ऑफिसातून साधा फोन आला तरी त्या उभं राहून बोलायच्या.

"मला यातलं काही माहीत नाही," त्या म्हणाल्या. मग कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून म्हणाल्या, "माझ्या खुर्चीचं बिल कपाटात आहे. आणि कपाटाचं बिल कपाटाच्या आत आहे. उद्या दोन माणसं जास्त लागतील."

साहेब आले तेव्हा तास झाला की नाही हे कुणालाच कळत नव्हतं. ऑफिसात अंधार होता. भिंतीवर घड्याळाच्या जागी गोल डाग होता. साहेबांनी पाणी मागितलं. शिपाईमामा म्हणाले, "पाणी आहे साहेब, पेला मोठ्या बाईंचा होता, तो त्यांनी घरी नेला."

"हा काय प्रकार आहे? मला बसायला तरी द्या."

चार खुर्च्या होत्या खऱ्या. त्रेचाळीसवर सासूबाई होत्या, चव्वेचाळीस आणि पंचेचाळीसवर त्यांच्या दोन बहिणी. त्या सुनावणीसाठी मुद्दाम परत आल्या होत्या. सेहेचाळीसवर तिघींच्या पिशव्या होत्या.

"आजी, जरा उठता?"

"गुडघे," तिघी म्हणाल्या.

साहेबांची नजर कोपऱ्यात गेली. सुनावणीसाठी वर्गातली मोडकी खुर्चीही ऑफिसात आणून भिंतीला टेकवली होती. "ती खुर्ची?"

"ती सात नंबर," भाऊसाहेब म्हणाले. "रजिस्टरप्रमाणे चालू आहे साहेब. तुमच्याच सहीने."

आता साहेबांपुढे दोनच वाटा होत्या. खुर्ची मोडकी आहे म्हणावं, तर तीन वर्षं चालू कशी दाखवली, हा प्रश्न यायचा. त्यांनी दुसरी वाट धरली. ते तीन पायांच्या खुर्चीवर टेकले, म्हणजे भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून, एका हाताने खिडकीचा गज धरून राहिले. कागदोपत्री ते बसले होते.

"हं," ते दात आवळून म्हणाले. "या शासकीय खुर्च्या तुमच्या घरी कशा गेल्या?"

"माझ्या घरच्या खुर्च्या शासनाकडे कशा आल्या, ते आधी सांगते," बाई म्हणाल्या. "तुम्ही खुर्ची दिली नाहीत म्हणून आली एक. ती माझीच आहे हे दाखवायला आल्या तीन. ट्यूब, घड्याळ, घंटा, खडू, डस्टर, कपाट, सगळं आम्ही आणलं. ही बिलं. तुमचं काय आहे, ते तुमच्या खाली आहे."

साहेबांच्या मांड्या थरथरू लागल्या होत्या. राग कुणावर तरी काढायचा होता आणि बाईंच्या हातात बिलांचा गठ्ठा होता, तेव्हा तो भाऊसाहेबांवर निघाला.

"बिल नसलेल्या खुर्च्या रजिस्टरला चढवल्याच कशा? चूक तुमची आहे. चारही खुर्च्यांची किंमत तुमच्या पगारातून कापू."

भाऊसाहेब पांढरे पडले. त्यांचाही पगार त्याच वाटेने, तेवढ्याच उशिरा यायचा. त्यांनी रजिस्टर मिटलं, खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून एक चुरगळलेला कागद काढून सरळ केला.

"साहेब, पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश. तरतूद नव्हती म्हणून माझ्या पैशाने आणले. हे बिल."

"मग?"

"बिल असेल त्याची वस्तू. खुर्च्यांवरचे नंबर माझे आहेत साहेब. मी ते परत घेऊन जातो."

त्यांनी ड्रॉवरमधून ब्लेड काढलं (तेही त्यांचंच), सासूबाईंना म्हणाले, "आजी, जरा पुढे सरकता का?" आणि खाली बसून त्रेचाळीस खरवडायला घेतला. पांढरी पूड जमिनीवर पडत गेली आणि खालून पानाचं टोक दिसू लागलं. सासूबाईंनी वळून ते बोटाने चाचपलं, आणि पदराने डोळे पुसले.

"नीट खरवडा हो," त्या म्हणाल्या. "शिरा जाऊ देऊ नका."

साहेब मग उठले. उठले म्हणजे ताठ झाले. नोटीस मागे घेतो, असं लिहायला त्यांनी पेन मागितलं. कुणीच दिलं नाही, तेव्हा त्यांना स्वतःचं काढावं लागलं.

चारही खुर्च्या त्याच टेंपोने घरी गेल्या. नवऱ्याने बादली न्हाणीघरात ठेवली. सोमवारी ट्यूब, घड्याळ, घंटा, कपाट सगळं शाळेत परत आलं. पोरांना अंधारात किती दिवस बसवणार? पण प्रत्येक वस्तूवर आता तिचं बिल चिकटवलेलं होतं. आणि कोपऱ्यातल्या सात नंबरवर एक कागद होता, 'ही मात्र सरकारने दिली.'

आठवड्याने वरून फर्मान आलं. शाळेतील वस्तूंवर चिकटवलेले सर्व कागद तत्काळ काढून टाकावेत. मोठ्या बाईंनी ते खुर्चीत बसूनच वाचलं आणि उत्तर लिहायला गणिताच्या बाईंना बोलावलं. बाई काही लिहिणार, तोच भाऊसाहेब रजिस्टर घेऊन आत आले.

"कागद काढता येणार नाहीत," ते म्हणाले. "त्यांची कालच नोंद केली. सत्तेचाळीस ते एकशे बारा. आता निर्लेखनाशिवाय हात लावता येत नाही. अर्ज करू म्हणावं, वरून मंजुरी आली की काढू."