पाणी विचारणारा खुनी

रानात एकटं घर दिसलं, कौलांतून धूर निघतोय, दाराशी कोयता टांगलेला आहे, तर तुमच्या मनात आधी काय येतं? चुलीवर काहीतरी शिजत असेल हे येतं, की आत कोणीतरी माणसं कापत असेल हे येतं? खरं सांगा. दुसरं येत असेल तर दोष एकट्या तुमचा नाही. तुम्हाला पडद्यावर वर्षानुवर्षं तेच दाखवलंय. पण ज्या घरात ते अगदी अलीकडे दाखवलं, त्या घराच्या मालकाला मी लहानपणापासून ओळखते. त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

त्याचं नाव बाबल गवस. आम्ही बाबलकाका म्हणतो. दोडामार्गहून तिलारीकडे जाताना एका वळणावर एसटी थांबते, तिथून आमच्या वाडीची पायवाट सुरू होते. त्या वाटेवर, काजूच्या बागेत, काकांचं एकट्याचं चिऱ्यांचं घर आहे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. काका उंचच्या उंच. माडाची झावळी पडून फुटलेली भुवई, काजूच्या टरफलाच्या तेलाने सोललेले हात, कमरेला आकडीत अडकवलेला कोयता. अनोळखी माणूस बघताक्षणी दोन पावलं मागे सरकतो. आणि तेवढ्यात काका त्यांची तीन वाक्यं म्हणतात.

"वायच बस. पाणी घे. मगे जा."

ह्या वाक्यांचा क्रम आजवर बदललेला नाही. घरावरून जाणारा माणूस पाणी न पिता पुढे गेला तर काकांना दिवसभर चैन पडत नाही. गुळाचा खडा, पाण्याचा तांब्या, आणि बसायला लाकडी बाकडं. निवडणुकीच्या वेळी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन पक्षांचे प्रचारक त्या बाकड्यावर शेजारी शेजारी बसून गूळ चघळताना मी पाहिलेत. काकांनी दोघांनाही मत कबूल केलं नाही, पण दोघांनाही दुसरा तांब्या भरून दिला. वीजमीटर बघायला येणारा माणूस काकांच्या घरी शेवटी यायचा, कारण आधी आला तर बाकीचं गाव राहून जायचं.

एकदा हत्ती बागेत शिरला. आमच्याकडे हत्ती येतात, केळी आणि माड मोडून जातात. वाडीतली सगळी माणसं फटाके आणि डबे घेऊन धावली. काकांनी घरापुढच्या खळ्याच्या कडेला पाण्याची घमेली भरून ठेवली. लोक चिडले. काका म्हणाले, "तोय वाटेनच जाता मां?"

अशा माणसाला मुंबईच्या एका दिग्दर्शकाने आपल्या सिनेमात, त्याच्याच घरात, खुनी केलं.

सिनेमाची गोष्ट तुम्ही न बघताही सांगाल. शहरातले चार मित्र, गाडी बंद, मोबाईलला रेंज नाही, रानात एकटं घर आणि घरात कोयतेवाला. एकेकाला धरून कापतो. का कापतो, ते विचारायचं नाही. रानात राहतो एवढं कारण पुरेसं असतं. आता, आमच्याकडे रेंज नाही हे खरं आहे, पण त्याला खुनी जबाबदार नाही. टॉवर मंजूर होऊन पडलाय, तो कोणी उभारत नाही म्हणून रेंज नाही. आणि आमच्याकडे गाडी बंद पडली तर आम्ही ती ढकलतो.

मी संतापले. आमच्या घरात खेळण्यांच्या आधी पत्रकं आली. बाबा खाणीच्या विरोधात पत्रकं काढायचे आणि मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायचे. तेव्हा मी काय करणार? पत्रक काढलं. मथळा होता, 'रानातला माणूस खुनी नाही.' एसटीच्या थांब्यावर चिकटवलं, काजूच्या झाडांना चिकटवलं आणि एक थेट, जागा बघायला आलेल्या दिग्दर्शकाच्या हातात दिलं. त्याने टोपी मागे सरकवून ते मन लावून वाचलं.

"भारी आहे," तो म्हणाला. "सेटवर वापरू का?"

आणि खरंच वापरलं. सिनेमात ते पत्रक एका झाडावर दिसतं, त्यावर लाल रंगाच्या पंजाचा ठसा आहे. आमची चळवळ अशी पडद्यावर गेली.

मग मी काकांकडे गेले. ते खळ्यात काजूचे बोंडू निवडत बसले होते.

"काका, तुम्ही आपल्याच माणसांची बदनामी करताय. वाचलंत का मी काय लिहिलंय?"

"वाचलंय. बरा लिवलंस. वायच बस."

"मला बसायचं नाही. तुम्ही नाही म्हणून सांगा त्यांना."

"मी नाय म्हटलंय तर ते दुसरो खुनी आणतले. तो पाणी तरी विचारतलो काय?"

मी बसले, पाणी प्यायले आणि रागाने गेले.

राग होता तरी शूटिंग बघायला मी रोज जात होते. निषेध करायचा तर माहिती हवी. पहिल्याच दिवशीचा प्रसंग सोपा होता. नायिका घाबरलेली, धावत येते, दार वाजवते. दार करकरत उघडतं. आत कोयता घेतलेला माणूस. तो काही बोलत नाही, नुसता बघतो. ती किंचाळते. बस.

नायिकेचं काम करणारी रिया नावाची मुलगी होती. गुणी पोर. ती धावत आली, धापा टाकत दार बडवलं. दार उघडलं. कोयता घेतलेले काका तिच्याकडे बघून म्हणाले, "इलंस? वायच बस. पाणी घे."

दिग्दर्शक ओरडला, "कट. काका, बोलायचं नाहीये. नुसतं बघायचं."

"बरां."

परत दार वाजलं. परत उघडलं. काका नुसते बघत राहिले. दिग्दर्शकाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तेवढ्यात काकांचा पाठीमागे धरलेला डावा हात पुढे आला आणि त्या हातात तांब्या होता.

"काका, तुम्ही खुनी आहात."

"होय तर. पण घरात इल्या मानसाक पयला पाणी विचारूचा लागता. कापूचा काय ता मगे."

सगळी सकाळ त्या दारात गेली. कधी तांब्या, कधी "जेवलंस?", कधी नुसतीच बाकड्याकडे केलेली मान. रिया हसून हसून किंचाळायला विसरली. दिग्दर्शकाने शेवटी तांब्याच जप्त केला, तेव्हा कुठे तो प्रसंग झाला.

पाठलागाचं त्याहून कठीण. रिया पुढे, काका मागे, हातात कोयता, कॅमेरा रुळांवरून धावतोय. ऐन रंगात आल्यावर काका थांबले. "थंय नको जाव गो, खाजकुयली आसा. हयसून धाव." आणि कोयत्याने वाट साफ करून दिली. खुन्याने वाट करून दिल्यावर बळी पळणार कसा, हा पटकथेपुढचा प्रश्न होता.

चौघांचे मुडदे खळ्यात पाडायचे होते. संध्याकाळचा उजेड हवा होता. काका खळ्याच्या मध्यभागी उभे राहिले. "तिन्हीसांजेक माझ्या खळ्यात कोण मरूचा नाय. दिवो लागांदे, मगे मरा." उजेड गेला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी चौघं मेली. मेल्यावर त्यांना आधी वाढलं, उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याची कढी. तोंडाला लाल रंग फासलेली ती पोरं पंक्तीत बसून भुरके मारत होती, आणि खुनी आग्रह करत होता.

हे सगळं सिनेमात नाही. कात्रीने तांब्या गेला, पंगत गेली, खाजकुयली गेली. काकांचा आवाजही गेला, त्याच्या जागी कोणाचा तरी घोगरा श्वास आला. उरली फक्त फुटकी भुवई, सोललेले हात आणि कोयता. दार उघडण्याचा तो तुकडा मोबाईलवरून घराघरांत फिरला. कदाचित तुमच्याकडेही आला असेल.

आता रस्त्यावर गाड्या थांबतात. गोव्याकडून आलेली माणसं वळणावर उतरतात, लांबून घराचा फोटो काढतात, एकमेकांना ढकलतात आणि काका बाहेर आले की गाडीत बसून पळतात. काका त्यांच्यामागे तांब्या घेऊन रस्त्यापर्यंत जातात. विचार करा, तुम्ही गाडीत आहात आणि तो माणूस तुमच्यामागे धावत येतोय. हातातला तांब्या कोणाला दिसणार? शाळेत नव्या आलेल्या बाई पोरांना घेऊन ओहोळाकडच्या लांबच्या वाटेने जातात, कारण लहानगी रडतात. रबराच्या बागेतल्या कामगार बायकाही तिकडूनच जातात.

मी पुन्हा काकांकडे गेले. खरं तर मला ऐकायचं होतं की माझं पत्रक बरोबर होतं. काका बाकड्यावर बसले होते. त्या बाकड्यावर त्यांना स्वतःला बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"बघ गो," ते म्हणाले, "कळशी सकाळची तशीच आसा."

"मी सांगत होते, काका. तुम्ही नाही म्हणायला हवं होतं."

त्यांनी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "हयसर कोण दार वाजवना नाय. खळ्यातसून हाक मारतत, नाय तर सरळ भितर येतत. आमचो दिगू तेवडो वाजवी."

दिगू त्यांचा मुलगा. गोव्यातल्या कारखान्यात कामाला. आमच्यातले अर्धे लोक तिकडेच जातात. दिगू रातपाळी करून कंपनीच्या गाडीने उशिरा यायचा, तेव्हा घराला कडी असायची. तो दार वाजवायचा, काका उठून उघडायचे आणि पेज गरम करून द्यायचे.

"आता थंयच खोली घेतल्यान," काका म्हणाले. "बरा केल्यान. धावपळ वाचली."

काका सोललेल्या बोटांकडे बघत हसले.

"ता चेडू, रिया, दार वाजवी मां, शूटिंगाक. पयल्यांदा मी चुकलंय ता खरां. दुसऱ्यांदा पण खरांच. मगे माका कळला काय करूचा ता. पण बरोबर केलंय तर ती वाजवची बंद होतली. चुकलंय काय कट म्हणत. ती परत भायर जाय. परत वाजवी."

मी पत्रकं लिहिते. बदनामी, अन्याय, निषेध हे शब्द मला पाठ आहेत. त्या दुपारी त्यातला एकही कामाला आला नाही. काका शूटिंगच्या त्या सकाळभर रानातल्या माणसांची बाजू मांडत होते असं मी चारचौघांत सांगत फिरले होते. ते दाराच्या आत उभे राहून फक्त दार वाजलेलं ऐकत होते.

म्हणून हे पत्रक नाही, विनंती आहे. तो तुकडा तुमच्या मोबाईलवर आला तर पुढे पाठवू नका. आणि कधी दोडामार्गहून तिलारीकडे निघालात, तर त्या वळणावर गाडी थांबवा. फोटो हवा तर काढा, माझी हरकत नाही. पण मग पायवाटेने खाली उतरा आणि दार वाजवा. दार उघडंच असेल, तरी वाजवा. आतून "कोण रे?" असं येईल. लगेच उत्तर देऊ नका. आणखी एकदा वाजवा.