आग लागण्यापूर्वी चोवीस तास

टर्की फोर्क अग्निसंरक्षण मंडळावर पाच सदस्य होते आणि त्यांतले तीन प्रत्यक्ष आग विझवायला जात. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या त्या भागात माणसंच इतकी कमी, की चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाराच शाळेची बस चालवी. अध्यक्ष ऑर्व्हल स्टकी बंब हाकत असे. टायरवाला हॉलिस पेक पंप सुरू करी, कारण तो पंप दुसऱ्या कुणाचं ऐकतच नसे. ऑर्व्हलची मेहुणी नॅडीन पाइप धरी आणि दुसऱ्या दिवशी सचिव म्हणून त्याची नोंद करी. उरलेले दोन सदस्य वयोमानानुसार फक्त अनुमोदन देत.

एप्रिलात बिक्सबीबाईंचं कोंबड्यांचं खुराडं पेटलं. तिघांनी दहा मिनिटांत आग विझवली. एक पीस जळलं असेल तर शपथ. पाइप गुंडाळताना ऑर्व्हल म्हणाला, "हा गळतोय रे. नवा घ्यायला पाहिजे."

"पाहिजेच," हॉलिस म्हणाला.

"घेऊन टाकू," नॅडीन म्हणाली.

कुंपणापलीकडे निवृत्त मुख्याध्यापक प्रेंटिस वॉलिंग उभे होते. त्यांनी वहीत वेळ टिपून घेतली.

आठवड्याभरात मंडळाच्या वकिलांनी ऑर्व्हलला बोलावून घेतलं. पाचांतले तीन सदस्य एकत्र आले, मंडळाच्या विषयावर बोलले आणि एकमतही झालं. पाचांत तीन म्हणजे बहुमत, तेव्हा कायद्याने ती जाहीर सभा होती. तशी लेखी तक्रारच आली होती.

"सभेची सूचना चोवीस तास आधी लावली होती का?" वकिलांनी विचारलं.

"साहेब, खुराड्याने आम्हाला तेवढी सवड दिली नाही."

"मग आणीबाणीची सभा घ्यायची होती. तशी तरतूद आहे."

"असं का! ती कशी घ्यायची?"

"आधी सभा घेऊन आणीबाणी जाहीर करायची."

ऑर्व्हल टर्कीपालन करणारा माणूस. पाचशे टर्कींसमोर रोज उभं राहिल्यामुळे समोरच्याचं बोलणं शांतपणे ऐकून घ्यायची त्याला सवय होती. तो टोपी घालून घरी आला.

आगीला दोघांनीच जायचं, हा पहिला उपाय. पण बंब, पंप आणि पाइप यांपैकी घरी काय ठेवायचं, यावर एकमत होईना. शेवटी नॅडीननेच तोड काढली. पोस्टाच्या दारावर ती रोज सकाळी कागद डकवू लागली: 'उद्या मंडळाच्या हद्दीत, अद्याप निश्चित न झालेल्या ठिकाणी व वेळी, आग लागण्याचा संभव आहे. आग लागल्यास तेथेच सभा भरेल. नागरिकांनी उपस्थित राहावे.'

वकील खूश झाले. प्रेंटिस वॉलिंगांनी कागदावरची शुद्धलेखनाची एक चूक तेवढी लाल शाईने दुरुस्त केली.

नागरिकही उपस्थित राहू लागले. मे महिन्यात गवताच्या गंजीला आग लागली तेव्हा अकरा जण घडीच्या खुर्च्या घेऊन आले. कुणीतरी लिंबू सरबत आणलं होतं.

जूनच्या एका शनिवारी सकाळी लूथरन चर्चमध्ये पॅनकेकची न्याहारी चालू असताना स्वयंपाकघरातल्या बेकनच्या तव्याने पेट घेतला. बंब आला तेव्हा चाळीस माणसं हातात ताटल्या घेऊन अंगणात उभी होती. ऑर्व्हलने उडी मारली, हॉलिस पंपाकडे धावला, नॅडीनने पाइप ओढला.

"थांबा!" प्रेंटिस वॉलिंग म्हणाले. "ऑर्व्हल, हजेरी घेतलीस?"

"सर, पडदे पेटताहेत."

"चौथीतही तुझी अशीच घाई असायची. सूचनेत सभा लिहिलंय. निर्णयाआधी नागरिकांना प्रत्येकी तीन मिनिटं बोलायचा हक्क आहे. की तोही जाळायचाय?"

नागरिकांना हक्क आहे म्हटल्यावर नागरिकांची रांग लागली. पहिल्याने भोंग्यामुळे आपली गाय आटते असं सांगितलं. दुसरीला बंबाचा लाल रंग फार भडक वाटत होता. तिसऱ्याचं म्हणणं रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल होतं. तो विषय या मंडळाचा नाही, असं ऑर्व्हलने सांगितल्यावर त्याने उरलेली दोन मिनिटं त्याबद्दल नापसंती व्यक्त केली. खिडकीतून आता काळा धूर येत होता.

"दाजी," नॅडीन दातओठ खात म्हणाली, "तुम्ही सोडता का मी सोडू पाणी? आणि कुणावर, ते विचारू नका."

"तू बोलू नकोस. तू बोललीस की ती चर्चा होते."

ऑर्व्हलचा जीव तीळतीळ तुटत होता. त्याच चर्चमध्ये त्याचं लग्न लागलं होतं. चौथा वक्ता घसा खाकरत असताना त्याने कायदा, वकील आणि चौथी इयत्ता एकदमच मनातून काढून टाकली.

"सभा तहकूब!" तो ओरडला. "हॉलिस, तू राजीनामा दिलास!"

"दिला!" हॉलिस म्हणाला आणि पंप सुरू केला.

सदस्य दोनच उरले, सभा संपली. सात मिनिटांत आग विझली. पडदे, छताच्या चार फळ्या आणि बेकन एवढंच गेलं.

सोमवारच्या सभेत हॉल खचाखच भरला. ऑर्व्हलने उठून सांगितलं, हॉलिस राजीनामा मागे घेणार नाही. आग विझवायची असेल तर तो मंडळाबाहेरच बरा. तेव्हा एक जागा रिकामी आहे. महिन्यातून एक सभा, मानधन नाही, कॉफी मिळेल. "वॉलिंग सर, तुम्ही या ना."

"मी?" प्रेंटिस वॉलिंग दचकले. "छे, छे! मी आत आलो तर लक्ष कोण ठेवणार?"

"बरं, मग आणखी कुणी?"

शनिवारी पेटलेल्या चर्चसमोर रांग लावून बोललेली ती माणसं. कुणी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागलं, कुणाला छतावरचा पंखा नव्याने दिसला, दोघांना एकाच वेळी खोकला आला. ऑर्व्हलची नजर पहिल्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत सावकाश फिरली आणि तिथे कुणीच मान वर करीना तेव्हा दाराबाहेर, थेट तुमच्यावर येऊन थांबली.

नाही, असू द्या. वाचत राहा.